इंग्रजीच्या तासाला घरची भाषा: कुठे, किती आणि कशासाठी

बडोद्यातल्या कुठल्याही कॉलेजात पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या तासाला जाऊन बसा, साधारण दोन तऱ्हेचे शिक्षक भेटतील. एक, वर्गात पाऊल टाकल्यापासून घंटा होईपर्यंत इंग्रजीशिवाय चकार शब्द न काढणारे. कुणी गुजरातीत शंका विचारलीच तर ‘इंग्लिश प्लीज’ म्हणून तिथेच थांबवणारे. दुसरे, धड्यातलं एक वाक्य इंग्रजीत वाचून लगेच त्याचं गुजराती सांगणारे आणि मग पुढच्या वाक्याकडे वळणारे. पहिल्या वर्गात मागचे बाक गप्प असतात. दुसऱ्या वर्गात सगळे खूष असतात, पण वर्ष संपताना स्वतःच्या मनातली गोष्ट इंग्रजीत मांडता येणारी मुलं फार थोडी निघतात.

पालकांचा कल बहुतेक वेळा पहिल्या तऱ्हेकडे असतो. ‘फी भरतो ती इंग्रजीसाठी. गुजराती-मराठी काय, घरी येतंच की!’ हे वाक्य दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही ऐकू येतं आणि अलकापुरीतल्या गुजराती घरांतही. त्यामागची काळजी खरी आहे. पण घरची भाषा वर्गाबाहेर ठेवली की इंग्रजी लवकर येतं, ही समजूत कुठून आली आणि भाषाशिक्षणाचे अभ्यासक गेली तीसेक वर्षं तिच्यापासून दूर का सरकत आहेत, हे आईवडिलांना कुणी नीट सांगतच नाही. म्हणून हा लेख.

एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपात परकी भाषा शिकायची म्हणजे व्याकरणाचे नियम पाठ करायचे आणि उताऱ्यांचं भाषांतर करायचं. लॅटिन तसं शिकवत, म्हणून फ्रेंच आणि जर्मनही तसंच. मुलं वाचायला शिकत, बोलायला नाही. याला उतारा म्हणून आली ‘डायरेक्ट मेथड’, म्हणजे जी भाषा शिकायची तिच्यातूनच ती शिकवायची. तिचा सर्वांत यशस्वी प्रसार केला जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी. १८७८ साली त्यांनी ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स इथे भाषाशाळा काढली. फ्रेंच शिकवायला त्यांनी निकोलस जोली नावाचा सहायक नेमला, आणि तो आल्यावर कळलं की त्याला इंग्रजी मुळीच येत नाही. तेवढ्यात बर्लिट्झ आजारी पडले आणि वर्ग जोलींवर सोपवावा लागला. काही आठवड्यांनी परत येऊन पाहतात तर विद्यार्थी फ्रेंचमध्ये बोलू लागलेले! जोलींनी हातवारे, वस्तू आणि चेहऱ्यावरचे भाव यांवरच सगळं भागवलं होतं. पुढे हीच बर्लिट्झ यांची पद्धत झाली.

ती तिथे चालली यात नवल नाही. विद्यार्थी प्रौढ होते, पैसे मोजून हौसेने आलेले होते, आणि वर्ग लहान होते. आपल्याकडे एका वर्गात साठ-सत्तर मुलं, आठवड्याला मोजके तास, आणि शिकायचं काय, तर निबंध, अहवाल आणि टीकात्मक उतारे. ‘खिडकी’ हातवाऱ्यांनी दाखवता येते. ‘पूर्वग्रह’ कसा दाखवणार?

‘इंग्रजी फक्त इंग्रजीतून’ या नियमाला जगभर अधिकृत शिक्का मिळाला तो १९६१ साली. युगांडातल्या मॅकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी शिकवण्याबद्दल परिषद भरली होती. इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावी, शिक्षक शक्यतो मूळ इंग्रजीभाषक असावा, जितक्या लवकर सुरू कराल तितकं चांगलं, जितकी जास्त इंग्रजी तितका निकाल चांगला, आणि इतर भाषा जास्त वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो, अशी पाच सूत्रं त्या परिषदेतून पुढे रूढ झाली. रॉबर्ट फिलिप्सन या भाषाअभ्यासकाने १९९२ साली या पाचांनाही एकेक करून भ्रम ठरवलं. या सूत्रांचा फायदा कुणाला होतो, हेही त्याने विचारलं. विद्यार्थ्यांची भाषा न जाणणारे ब्रिटिश आणि अमेरिकन शिक्षक जगभर नेमता यावेत आणि एकच पाठ्यपुस्तक कैरोपासून कोलंबोपर्यंत विकता यावं, यासाठी हा नियम फार सोयीचा होता. लंडनच्या ज्या वर्गात दहा देशांतली दहा मुलं बसतात, तिथे इंग्रजीशिवाय गत्यंतर नसतं हे खरं. पण तिथली अडचण बडोद्यात येऊन तत्त्व होऊन बसली.

आता डोक्यात काय चालतं ते पाहू, कारण खरा प्रश्न तिथेच सुटतो. आपल्याला वाटतं की इंग्रजी बोलताना मेंदूतलं मराठीचं बटण बंद करता येतं. तसं होत नाही. १९९९ साली मायकेल स्पायव्ही आणि व्हायोरिका मारियन यांनी अमेरिकेत रशियन-इंग्रजी द्विभाषकांवर एक सुरेख प्रयोग केला. समोर काही वस्तू मांडल्या होत्या आणि सूचना रशियनमध्ये होती: पोस्टाचं तिकीट उचला. तिकिटाला रशियनमध्ये ‘मार्का’ म्हणतात. शब्द कानी पडताच लोकांची नजर क्षणभर शेजारच्या मार्कर पेनाकडे जायची. इंग्रजीचा त्या सूचनेशी काही संबंध नव्हता, तरी ती आतून जागीच होती. नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राने ते टिपलं. दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही सतत चालू असतात, हे त्यानंतर बऱ्याच प्रयोगांतून पक्कं झालं आहे. म्हणजे शिक्षकाने वर्गात घरच्या भाषेला बंदी केली तरी मुलांच्या डोक्यात तुलना आणि भाषांतर चालूच राहतं. फक्त ते एकट्याने, चोरून आणि बहुतेकदा चुकीचं होतं.

दुसरी गोष्ट कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांची. त्यांचं म्हणणं असं की दोन भाषा म्हणजे पाण्यावर वेगवेगळी दिसणारी हिमनगाची दोन टोकं. पाण्याखाली ती जोडलेली असतात. कारण शोधणं, तुलना करणं, सारांश काढणं, पुरावा तपासणं ही कौशल्यं त्या खालच्या भागात असतात आणि ती भाषेगणिक पुन्हा शिकावी लागत नाहीत. ज्या मुलीला गुजरातीत मुद्देसूद निबंध लिहिता येतो, तिला इंग्रजीत शब्द आणि वाक्यरचना शिकायच्या असतात, विचार करायला नव्याने शिकायचं नसतं. कमिन्स यांनी आणखी एक फरक दाखवला. स्थलांतरित मुलं रोजच्या बोलण्याचं इंग्रजी दोनेक वर्षांत उचलतात, पण अभ्यासाच्या इंग्रजीत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. तेही आजूबाजूला सगळीकडे इंग्रजी असताना. गुजराती माध्यमातून बारावी करून थेट इंग्रजीत व्याख्यानं ऐकायला बसलेल्या मुलाला आपण पहिल्या सत्रातच ‘याला इंग्रजी जमत नाही’ म्हणून मोकळे होतो, हा मोठा अन्याय आहे.

मग घरची भाषा वापरायची ती कशी? सगळ्यात लहान युक्तीपासून सुरुवात करतो. वेल्समधले सी. जे. डॉडसन यांनी १९६० च्या दशकात द्विभाषिक पद्धत मांडली. तीत शिक्षक वाक्य इंग्रजीत म्हणतो, लगेच एकदाच, खालच्या आवाजात त्याचा अर्थ घरच्या भाषेत सांगतो आणि पुन्हा इंग्रजी वाक्य म्हणतो. समजा धड्यात आलं, ‘द कमिटी टर्न्ड डाउन हिज प्रपोजल.’ मुलांना ‘टर्न’ माहीत आहे, ‘डाउन’ माहीत आहे, म्हणून प्रस्ताव खाली वळवला की काय, अशा गोंधळात ती पडतात. शिक्षकाने हळूच म्हणावं, ‘समितिए तेनी दरखास्त फगावी दीधी,’ म्हणजे समितीने त्याचा प्रस्ताव फेटाळला, आणि पुन्हा इंग्रजी वाक्य. तीन सेकंदांत काम झालं. हेच समजवायला इंग्रजीतून इंग्रजीत पाच वाक्यं सांगितली की त्या पाचांतले तीन शब्द नव्याने अडतात आणि मागून कुणीतरी विचारतंच, ‘सर, एटले शुं?’

इथे क्रम महत्त्वाचा आहे. शेवटचं कानावर पडतं ते इंग्रजी. सगळा धडा गुजरातीत सांगणाऱ्या पद्धतीत नेमकं उलट होतं. शेवटचा शब्द गुजराती असतो, हे मुलांना पाठ झालेलं असतं आणि इंग्रजी वाक्य चालू असताना ती कान मिटून बसतात.

घरची भाषा सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती व्याकरणात. ‘अ’ आणि ‘द’ हे आपल्या मुलांचं कायमचं दुखणं. मराठीत आणि गुजरातीत असे शब्द नाहीत, म्हणून नियमांची यादी पाठ करून घेतली जाते आणि ती परीक्षेनंतर विसरली जाते. पण हा फरक मराठी माणसाला आतून पक्का ठाऊक असतो! फळ्यावर दोन वाक्यं लिहा: ‘आम्ही मुलगी शोधतोय’ आणि ‘आम्ही मुलीला शोधतोय.’ पहिल्या घरात लग्नाची बोलणी चालू आहेत. दुसऱ्या घरात गर्दीत पोर हरवलंय. एक ‘ला’ लागला आणि कुठलीही मुलगी जाऊन ठरावीक मुलगी आली. गुजरातीतही तसंच, ‘अमे छोकरी शोधीए छीए’ आणि ‘अमे छोकरीने शोधीए छीए.’ आता पहिल्याला ‘अ गर्ल’ लावा, दुसऱ्याला ‘द गर्ल’. वर्गात हसू फुटतं आणि मुद्दा डोक्यात बसतो. निर्जीव वस्तूंना हे लागू होईलच असं नाही, ‘द सन’सारखे प्रयोगही वेगळे शिकवावे लागतात. पण ठरावीक की कुठलंही, ही मूळ जाणीव मुलांकडे आधीच आहे, हे त्यांना कळणं ही मोठी गोष्ट आहे. नियम परका राहत नाही.

तसंच ‘सिन्स थ्री इयर्स’चं. आपण म्हणतो, ‘मी तीन वर्षांपासून बडोद्यात राहतो’ आणि ‘मी २०२२ पासून बडोद्यात राहतो.’ दोन्हीकडे ‘पासून’, दोन्हीकडे ‘राहतो’. गुजरातीत दोन्हीकडे ‘थी’ आणि ‘रहुं छुं’. इंग्रजीत मात्र किती काळ हे सांगताना ‘फॉर’, कधीपासून हे सांगताना ‘सिन्स’, आणि क्रियापद ‘हॅव बीन लिव्हिंग’. चूक करणारा मुलगा निष्काळजी नसतो, त्याची भाषा ज्या रुळांवरून चालते त्यांवरूनच तो इंग्रजीत उतरतो. हे रूळ शेजारी शेजारी दाखवल्याशिवाय लाल शाईने कितीही वेळा खोडलं तरी उपयोग होत नाही.

यामागे नुसता अनुभव नाही, अभ्यासही आहे. बाटिया लाउफर आणि नॅनी गिरसाय यांनी इस्रायलमध्ये हिब्रूभाषक शाळकरी मुलांचे तीन गट केले आणि तिघांना तेच इंग्रजी शब्द आणि शब्दजोड्या शिकवल्या. एका गटाने फक्त अर्थावर भर देणारी कामं केली, दुसऱ्याने शब्दांवर लक्ष देणारे सराव इंग्रजीतूनच केले, तिसऱ्याने हिब्रूशी तुलना आणि भाषांतर केलं. २००८ साली निकाल प्रसिद्ध झाला. प्रत्येक चाचणीत तिसरा गट पुढे होता.

लिहिण्याआधी बोलणं हा आणखी एक मोठा विषय. गटात चर्चा करायला सांगितली की मुलं मराठी-गुजरातीत घसरतात, अशी तक्रार ऐकू येते. कॅनडात मेरिल स्वेन आणि शेरॉन लॅपकिन यांनी फ्रेंच माध्यमातल्या आठवीच्या मुलांची अशीच बोलणी नोंदवून तपासली. फ्रेंचचं काम करताना मुलं अधूनमधून इंग्रजीत, म्हणजे त्यांच्या घरच्या भाषेत बोलत होती, पण बहुतांशी कामाबद्दलच: आता काय करायचं, हा शब्द बरोबर का, या वाक्याचा काळ कोणता. ती घसरण नव्हती, शिकणंच होतं.

वेल्समध्येच १९९४ साली केन विल्यम्स यांनी दोन भाषा अशा जोडीने वापरण्याला रीतसर रूप दिलं. एका भाषेत वाचा, दुसऱ्या भाषेत लिहा. वेल्श शब्द ‘ट्रॉसयेथी’, जगभर रूढ झालेलं इंग्रजी नाव ‘ट्रान्सलँग्वेजिंग’. यातली खुबी अशी की उतारा इंग्रजी आणि उत्तरही इंग्रजी असेल तर मुलगा वाक्यं उचलून उत्तरात डकवू शकतो, अर्थ कळला नसला तरी चालतं. उतारा गुजराती वर्तमानपत्रातला आणि सारांश इंग्रजीत मागितला तर डकवायला काही उरतच नाही. अर्थ कळल्याशिवाय एक ओळ लिहिता येत नाही. गाईडमधून उत्तरं पाठ करण्याच्या सवयीवर याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही.

इथपर्यंत मी ‘घरची भाषा’ असं म्हणत आलो, जणू ती एकच आहे. बडोद्यात खरी गुंतागुंत इथे सुरू होते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या एका वर्गात बहुसंख्य मुलं गुजराती असतात, काहींच्या घरी मराठी, काहींच्या सिंधी किंवा हिंदी, छोटा उदेपूरकडून आलेल्या मुलांच्या घरी राठवी. ललित कला विभागात तर केरळ, बंगाल, ईशान्य भारत, सगळीकडून मुलं येतात. शिक्षकाने मदतीची भाषा म्हणून फक्त गुजराती धरली तर मल्याळी मुलीपुढे एकाऐवजी दोन परक्या भाषा उभ्या राहतात.

आपल्या मराठी मुलांचं चित्र वेगळंच आहे. रावपुऱ्यात, बाबाजीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांत बोलायला मराठी, पण शाळा गुजराती किंवा इंग्रजी. आजीशी मराठीत गप्पा मारणाऱ्या मुलाने मराठीत कधी दोन पानंही लिहिलेली नसतात. कमिन्स यांचा हिशेब लावला तर त्याची अभ्यासाची भाषा गुजराती आहे आणि मायेची भाषा मराठी. अशा मुलाला ‘तुझ्या मातृभाषेत टिपणं काढ’ म्हटलं तर तो अडतो. म्हणून शिक्षकाने पहिल्याच आठवड्यात साधे तीन प्रश्न विचारावेत: घरी काय बोलता, शाळेत काय लिहिलंत, आणि मनातल्या मनात हिशेब कुठल्या भाषेत करता? उत्तरं बहुतेकदा वेगवेगळी येतात आणि कुणाला कुठे आधार द्यायचा ते तिथेच कळतं.

या सगळ्या भाषा शिक्षकाला यायला हव्यात का? नाही. शिक्षकाची सामाईक भाषा इंग्रजीच राहावी. घरच्या भाषा मुलांच्या गटांत चालाव्यात. एका भाषेची मुलं एकत्र बसतात, मुद्दे आपल्या भाषेत घोळवतात आणि वर्गापुढे इंग्रजीत मांडतात. ज्याला जोडीदार नाही तो आपल्या भाषेत कच्चं टिपण काढतो. ‘तीन वर्षांपासून’चं वाक्य प्रत्येकाने आपापल्या भाषेत फळ्यावर लिहिलं तर सात-आठ वाक्यांची एक भिंत तयार होते, आणि इंग्रजी कुठे वेगळी पडते ते मुलं स्वतः शोधतात.

या शहराला हे परकं वाटू नये. १८७५ मध्ये कवळाण्याहून दत्तक आलेल्या सयाजीरावांना मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी एकाच वेळी शिकवलं गेलं. पुढे त्यांच्याच राज्यात १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा प्रशासनाचा कोश निघाला, त्यात आठ भाषा शेजारी शेजारी छापल्या आहेत. एक भाषा शिकायला दुसरी खाली बसवावी लागते, असं इथे मानत नव्हते.

एक गल्लत मात्र टाळायला हवी. शिक्षणाचं माध्यम कुठलं असावं हा वेगळा वाद आहे आणि इंग्रजीच्या तासाला घरच्या भाषेची मदत घ्यावी का, हा वेगळा. पहिला वाद गुजरातने जोरात पाहिला आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरात विद्यापीठाने गुजराती आणि हिंदी हीच माध्यमं ठेवायचं ठरवलं, तेव्हा अहमदाबादच्या एका मराठीभाषक विद्यार्थ्याच्या वडिलांनी मुलाला इंग्रजीतून शिकू द्यावं म्हणून न्यायालय गाठलं. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की गुजराती किंवा हिंदी हीच माध्यमं सक्तीची करण्याचा अधिकार त्या विद्यापीठाला कायद्याने दिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने उच्च शिक्षणातही मातृभाषेतून किंवा दोन भाषांतून अभ्यासक्रम चालवावेत असं म्हटलं, आणि वाद पुन्हा तापला. मी इथे जे म्हणतोय त्यासाठी माध्यम बदलायची गरज नाही. ध्येय चांगली इंग्रजी हेच आहे.

म्हणून मर्यादाही स्पष्ट सांगतो. पुष्कळ मुलांच्या कानावर दिवसभरात इंग्रजी पडते ती या एका तासातच. तो तास गुजरातीत गेला तर ती मुलं इंग्रजी ऐकणार कधी? हजेरी, सूचना, शाबासकी, रागावणं, ‘पान उघडा, जोड्या करा’ हे सगळं इंग्रजीतच हवं, कारण खरी इंग्रजी ऐकायची ही आयती संधी असते. घरच्या भाषेला ठरावीक काम आणि ठरावीक वेळ द्यावा: अडलेला शब्द, व्याकरणाची तुलना, लिहिण्याआधीची चर्चा, आणि घाबरलेल्या मुलाला धीर. शिक्षकाला स्वतःला इंग्रजीत बोलायचा कंटाळा आला म्हणून गुजराती, हे कारण चालणार नाही.

आणि भाषांतराला पुन्हा मान द्यावा, पण जुन्या पद्धतीने नव्हे. भाषा किती येते हे मोजायच्या ‘कौन्सिल ऑफ युरोप’च्या चौकटीच्या २०२० च्या पूरक खंडात ‘मीडिएशन’ला मोठी जागा दिली आहे, म्हणजे एका भाषेतलं दुसऱ्या भाषेतल्या माणसापर्यंत पोचवणं. आपल्या मुलांना नोकरीत आणि घरात रोज हेच करावं लागतं. बँकेच्या काउंटरवर, दवाखान्यात, सोसायटीच्या नोटिशीपुढे. मग वर्गात तसंच काम द्या. दवाखान्यातून मिळालेलं इंग्रजी डिस्चार्ज कार्ड घ्या, नाव-गाव पुसून. एकाने ते आजीला मराठीत समजावून सांगायचं: गोळी जेवणाआधी की नंतर, टाके कधी काढायचे, काय झालं तर लगेच यायचं. आजी झालेल्या मुलीने मनात येतील त्या शंका मराठीत विचारायच्या. मग पहिल्याने त्या शंका डॉक्टरांना उद्देशून चार वाक्यांत, नीट इंग्रजीत लिहायच्या. मार्क देताना दोनच गोष्टी पाहायच्या: आजीला सगळं बरोबर कळलं का, आणि ती चार वाक्यं वाचून डॉक्टरला पुन्हा काही विचारावं लागणार नाही ना.